माल भरण्याआधी गाडी वाचा



बियाणे घेताना आपण पिशवीवरचा शिक्का पाहतो, उगवणशक्ती विचारतो, पावती मागतो. औषध घेताना मुदत वाचतो. बैल घ्यायचा तर दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. पण चार महिने राबून पिकवलेला माल ज्या गाडीत भरून शे-दीडशे मैलांवर पाठवतो, त्या गाडीचे आपण काय पाहतो? भाडे पाहतो आणि हौदा केवढा ते पाहतो. त्यापलीकडे काही नाही.

गेल्या पंधरवड्यात आपल्याकडच्या बारा भाजीपाला उत्पादकांना घेऊन मी नवी मुंबईला गेलो होतो. वाशीच्या बाजार समितीत माल कसा उतरतो, प्रतवारी कशी होते, पट्टी कशी बनते हे त्यांना दाखवायचे होते. बाजार रात्री जागा होतो, म्हणून आम्हीही रात्रीच पोहोचलो. नाशिककडचा कांदा, जुन्नर-नारायणगावकडचा टोमॅटो, साताऱ्याकडचा वाटाणा आणि आले, परराज्यांतला बटाटा, असा सगळा माल एकामागून एक येत होता. सहाचाकी, दहाचाकी, आयशर, टेम्पो, पिकअप अशा गाड्यांची रांग काही संपत नव्हती.

आमच्यातले एक सत्तरीचे आबा ती रांग बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, एवढ्या गाड्या रातीच्या घाट उतरून येत्यात. ह्यांची खातरजमा कोन करतं?"

मी म्हटले, "आबा, सरकार करते. पण गाडी बांधावर उभी असते तेव्हा सरकार तिथे नसते. तिथे तुम्ही असता."

आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आजचा लेख. मी शेतीखात्यातला माणूस, वाहतूक खात्यातला नव्हे. पण या विषयाची फी मी फार महाग भरली आहे. ती हकिगत आधी सांगतो.

दोन रुपयांची बचत

२००६ सालचा उन्हाळा. आमच्या भावकीचा कांदा वाशीला जायचा होता. मी तेव्हा नोकरीत होतो, रजेवर गावी आलो होतो. शिकलेला म्हणून गाडी ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. दोन गाड्यांची बोलणी झाली. एकाने गोणीमागे दोन रुपये कमी सांगितले. मी ती गाडी ठरवली आणि घरात शाबासकीही घेतली.

माझा थोरला चुलतभाऊ मालाबरोबर निघाला. आम्ही त्याला दादा म्हणत असू. फाट्यावर गाडीवाल्याने पैसे घेऊन दोन उतारू केबिनमध्ये बसवले. जागा उरली नाही, म्हणून दादा वर गोण्यांवर जाऊन बसला. त्यात आम्हा कोणाला काही वावगे वाटले नाही. सगळेच बसतात. रात्री माळशेज उतरताना ब्रेक लागले नाहीत आणि वळणावर गाडी कलंडली. केबिनमधले तिघेही खरचटण्यावर वाचले. दादा गोण्यांखाली सापडला.

मागाहून एकेक गोष्ट उघडी पडत गेली. गाडीचे पासिंग संपून चार महिने झाले होते. वजन मर्यादेच्या बरेच वर होते. माल भरल्याची पावती आम्ही घेतलीच नव्हती, त्यामुळे त्या गोण्या दादाच्या होत्या हे सिद्ध करायलाही कागद नव्हता. दावा दाखल झाला. विमा कंपनीचा वकील म्हणाला, मयत इसम केबिनमध्ये नव्हता, मालावर बसला होता, सबब आमची जबाबदारी नाही. न्यायाधिकरणाने भरपाई गाडीमालकावर बसवली आणि विमा कंपनीला वगळले. गाडीमालकाची ती एकच गाडी, तीही कर्जावर घेतलेली आणि आता मोडकी. कागदावर भरपाई मिळाली, हातात जे पडले ते हेलपाट्यांनाही पुरले नाही.

वहिनींच्या पदरात तेव्हा दोन लहान मुले होती. त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

आता त्या रात्री जे जे चुकले त्याचा एकेक करून विचार करू.

गाडीची जन्मपत्रिका

आपल्या देशात मोटारींचा कायदा १९८८ साली नव्याने झाला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन दंड वाढले. या कायद्याप्रमाणे भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीकडे काही कागद असलेच पाहिजेत. ते असे:

१) नोंदणीपुस्तक. यालाच आपण आर.सी. म्हणतो. गाडी कोणाची, कधीची, रिकामे वजन किती, मालासकट वजन किती, बसायच्या जागा किती, हे सर्व यात असते. नंबरपाटीही वाचायला शिका. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माल नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयते कारण मिळते. पाटीवर एम.एच. ४३ दिसले तर गाडी नवी मुंबईची, ४६ दिसले तर पनवेलची, हेही ओघाने सांगतो.

२) योग्यता दाखला, म्हणजेच पासिंग. गाडीचे ब्रेक, दिवे, सुकाणू, टायर तपासून हा दिला जातो. नव्या माल गाडीला पहिली दोन वर्षे तो असतो. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी तपासणी करावी लागते. पासिंग नसलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने नोंदणीच नसलेली गाडी ठरते. आमच्या गाडीचे हेच संपले होते. तपासणीला गेली असती तर ब्रेक तिथेच सापडले असते.

३) परवाना. माल वाहण्याचा परवाना राज्यापुरता असतो किंवा सर्व देशासाठी असतो. माल परराज्यात पाठवायचा असेल तर राष्ट्रीय परवाना आहे का ते विचारा. ज्या गाडीचे मालासकट वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, अशा लहान माल गाडीला कायद्याने परवाना माफ आहे. पण माफ आहे तो परवाना. नोंदणी, पासिंग आणि विमा तिलाही सुटलेला नाही. पुष्कळ छोट्या गाड्यांचे मालक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

४) विमा. याचे दोन भाग समजून घ्या, पुढे सविस्तर सांगतो.

५) धुराच्या तपासणीचा दाखला.

६) चालकाचे लायसन. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन चालते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याहून जड गाडीला जड वाहनाचेच लायसन लागते.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, एवढे कागद कोण दाखवतो, आणि मागितले तर गाडीवाला उलट आपल्यालाच बोलतो. यावर आता सोपा उपाय आहे. केंद्र सरकारच्या 'एम-परिवहन' या मोबाइल ॲपवर गाडीचा नंबर घातला, की पासिंग कधीपर्यंत आहे, विमा कधीपर्यंत आहे, धुराचा दाखला आहे की नाही, ते दिसते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला सांगा. ती दोन मिनिटांत सांगतील. कोणाशी वाद घालायला नको आणि कोणाची मनधरणीही नको.

अमेरिकेत २००० सालापासून मालमोटारींच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र खाते आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापारी माल नेणाऱ्या कंपनीला तिथे एक क्रमांक मिळतो आणि तो गाडीच्या दोन्ही बाजूंना रंगवावा लागतो. त्या क्रमांकावरून कंपनीच्या गाड्यांची तपासणी किती वेळा झाली, त्यांचे अपघात किती झाले, हे कोणालाही बघता येते. आपल्याकडे गाडीच्या नंबरावरून निदान तिची मुदत तरी आता दिसते. दिसते ते पाहायचेच नाही, तर दोष कोणाला द्यायचा?

वजनाचा हिशोब

"साहेब, गाडी जातेय तर आणखी दहा गोण्या टाकू." हे वाक्य आपण सगळेच बोलतो.

प्रत्येक गाडीचे मालासकट जास्तीत जास्त वजन तिच्या नोंदणीपुस्तकात लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की मालाचे वजन मिळते. उदाहरणादाखल एखाद्या पिकअपचे एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामे वजन १,६९० किलो असेल, तर तिच्यात १,३०० किलो माल भरता येतो. पन्नास किलोच्या २६ गोण्या झाल्या. आपण भरतो चाळीस! म्हणजे चौदा गोण्यांचे सातशे किलो जास्त.

२०१८ साली केंद्र सरकारने मोठ्या गाड्यांच्या मर्यादा वाढवल्या. दोन आसांच्या सहाचाकी मालमोटारीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले आणि तीन आसांच्या दहाचाकीचे २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले. पण जुन्या गाडीच्या पुस्तकात जुनेच वजन असेल तर ते धरावे. पुस्तकात जे लिहिले आहे तेच खरे.

मर्यादा मोडली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दंड २०,००० रुपये, आणि शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये. जास्तीचा माल तिथेच उतरवून घेण्याचाही हुकूम होतो. माल हौद्याबाहेर बाजूंना, पुढे-मागे किंवा नियमापेक्षा उंच गेला, तरी दंड २०,००० रुपयेच. वाटेत मध्यरात्री उतरवलेला टोमॅटो सकाळी कोणत्या भावाने जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. दहा गोण्यांचे भाडे वाचवायला गेलो आणि सबंध गाडीचा बाजार हुकला, असा तो मामला.

आणि दंडापेक्षा घाट मोठा. बैलगाडीत भार जास्त झाला की उतरणीला बैल रेटला जातो, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटारीचेही तेच. जास्त भाराने ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. काही चालक डिझेल वाचवायला उतारावर गाडी मोकळी सोडतात, म्हणजे गिअर काढून टाकतात. मग इंजिनाचा अडसरही जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या चालकांची शिकवण आहे. तुम्ही बरोबर असाल तर चालकाला हे गोडीत सांगा. तुमचाही जीव त्याच गाडीत आहे.

कोण कुठे बसतो

हा भाग घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

गाडीचा विमा असला म्हणजे गाडीवरच्या सगळ्यांचा विमा झाला, हा आपला समज चुकीचा आहे. १९९४ सालच्या दुरुस्तीने कायद्यात असे आले, की माल गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण राहील. पण इतरांचे काय? डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की माल गाडीतून फुकट किंवा पैसे देऊन जाणाऱ्या उतारूंची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाही. पुढे २००७ साली असेही सांगितले, की मालाचा मालकसुद्धा केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे.

आता दादाची गोष्ट आठवा. माल त्याचा, गाडीचा विमा चालू, कायदा त्याच्या बाजूचा. पण त्याची केबिनमधली जागा उतारूंना विकली गेली आणि तो वर जाऊन बसला. तेवढ्याने सगळे गेले.

म्हणून नियम करा. मालाबरोबर जायचे तर एकाने जायचे आणि केबिनमध्ये बसायचे. केबिनमध्ये पुस्तकात लिहिल्या आहेत तेवढ्याच जागा. वाटेत उतारू घ्यायचे नाहीत, हे भाडे ठरवतानाच बोलून टाकायचे. गोण्यांवर, ताडपत्रीवर, टपावर कोणीही नाही. लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शन, मजुरांची ने-आण यांसाठी टेम्पो आणि ट्रॅक्टरची ट्रॉली वापरण्याची आपली सवय तर फारच घातक आहे. ट्रॉलीत बसलेल्या बायाबापड्यांना आणि लेकरांना अपघातात पुष्कळदा विम्याचा आधार नसतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणाऱ्याचेही तेच. पन्नास माणसे न्यायची तर एस.टी. ठरवा. वऱ्हाड चार तास उशिरा पोहोचले तरी चालेल, पण सगळे पोहोचले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे. सक्तीचा विमा रस्त्यावरच्या इतरांच्या नुकसानीसाठी असतो. तुमचा कांदा दरीत गेला तर त्यातून एक पैसा मिळत नाही. मालाचा वाहतूक विमा वेगळा घ्यावा लागतो. एकट्याला तो जड वाटेल, पण गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने सगळ्यांच्या मालाचा मिळून चौकशी करून घ्यावा.

हुंडेकऱ्याचीही नोंदणी असते

गाडीची नोंदणी निराळी आणि माल वाहण्याचा धंदा करणाऱ्याची नोंदणी निराळी. इंग्रजांच्या काळात, १८६५ साली, माल वाहणाऱ्यांचा एक कायदा झाला होता. तो रद्द होऊन २००७ साली रस्ता मालवाहतुकीचा नवा कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. या कायद्याने सगळ्यांचा माल घेणाऱ्या वाहतूक कंपनीला, बुकिंग एजंटाला, दलालाला, म्हणजे आपल्या भाषेत हुंडेकऱ्याला, नोंदणी केल्याशिवाय धंदा करता येत नाही. ही नोंदणी परिवहन खात्याकडे होते.

आपल्या कामाच्या गोष्टी या कायद्यात चार आहेत.

पहिली, माल देताना आपण एक पत्रक भरून द्यायचे. त्यात माल काय, किती आणि किती किमतीचा ते लिहायचे. किंमत लिहायला विसरू नका. दाव्याच्या वेळी ती उपयोगी पडते.

दुसरी, माल घेतल्यावर हुंडेकऱ्याने पावती द्यायची. यालाच बिल्टी म्हणतात. मूळ प्रत तुमच्याजवळ राहिली पाहिजे. तारीख, गाडीचा नंबर, नगांची संख्या, वजन आणि भाडे त्यावर आहे का ते पाहा. हुंडेकऱ्याचा नोंदणी क्रमांकही विचारून लिहून घ्या.

तिसरी, माल हरवला, भिजला किंवा पोहोचलाच नाही, तर हुंडेकऱ्याने हयगय केली हे तुम्हाला सिद्ध करावे लागत नाही. ही शेतकऱ्याच्या फार सोयीची तरतूद आहे.

चौथी, दावा लावायचा असेल तर माल दिल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. "बघू, बोलू, ओळखीचा आहे" असे करत सहा महिने निघून गेले, की हक्क गेला. मात्र भरपाईला मर्यादा आहे. साधारणपणे ती भाड्याच्या दहापट धरतात आणि तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त मिळत नाही. मालाची किंमत मोठी असेल तर आधीच बोलून जादा जोखमीचे ठरवून घ्यावे लागते.

ही सगळी ताकद त्या एका चिठ्ठीत आहे. दादाच्या वेळी आमच्याकडे ती नव्हती.

चालक हाही माणूस आहे

वाशीला आम्ही पहाटे चहाला थांबलो तेव्हा एक तरुण चालक सुकाणूवर डोके टेकून झोपला होता. आबांनी त्याला उठवून चहा दिला. तो म्हणाला, "काका, काल दुपारपास्नं डोळा लागला नव्हता. माल उतरला की परत भरून जायचंय." त्याच्या गाडीत आमच्यासारख्याच कोणाचा तरी माल होता, आणि त्या कोणीतरी त्याला फोनवर सांगितले असणार, की बाबा रे, चारच्या आत पोहोच, नाहीतर भाव पडतो.

मोटार कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. कायदे पुढे बदलले, पण ८ आणि ४८ तासांचे तत्त्व आजही तेच आहे. अमेरिकेत माल गाडीच्या चालकाला १० तास विश्रांतीनंतर ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू देत नाहीत, आणि २०१७ सालापासून बहुतेक गाड्यांवर तासांची नोंद यंत्रच करते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये चालकाला ग्लानी येते, म्हणून ही तरतूद. चैन म्हणून नव्हे.

पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे धावणार. तेव्हा आपल्या हातात आहे ते करू. माल वेळेवर काढा. तोडणी, प्रतवारी आणि भरणी दुपारी तीन-चारपर्यंत आटोपली, तर चालकाला रात्री घाई करावी लागत नाही. आपण माल काढायला तीन तास उशीर करतो आणि ते तीन तास त्याने घाटात भरून काढावेत अशी अपेक्षा धरतो. हे न्यायाचे नाही. गाडी आल्यावर चालकाला जेवू घाला, तासभर पडू द्या. अंगण आपलेच आहे.

अपघात झालाच तर

देव करो आणि वेळ न येवो. पण माहिती असावी. ११२ हा पोलिसांचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वरही मदत मिळते. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू झाली आहे. तिच्याखाली रस्ते अपघातातील जखमीवर नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता होतो. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. तेव्हा रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर भिऊन पुढे जाऊ नका.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम लागू आहे. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. तो सहा महिन्यांच्या आत करावा. दुःखात दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि भावकीने हे काम अंगावर घ्यावे.

घरातली वही

शेवटी भगिनींना एक काम सांगतो. दुधाच्या हिशोबाची वही बहुतेक घरांत असते. तिच्याच मागच्या पानावर गाडीची नोंद ठेवा. तारीख, गाडीचा नंबर, चालकाचे नाव आणि फोन, किती नग, पासिंग कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पावती घेतली की नाही, मालाबरोबर कोण गेले, एवढेच लिहायचे. लिहायला पाच मिनिटे लागतात. एकदा लिहायची सवय लागली, की ज्या रकान्यात काही लिहिता येत नाही तिथे आपोआप प्रश्न पडतो.

आमच्या वहिनींनी हे कोणी न सांगता सुरू केले. दोन्ही मुले मोठी झाली. थोरला आता शेती पाहतो, टोमॅटो करतो, वाशीला माल पाठवतो. गाडी अंगणात आली की वहिनी कंदील घेऊन बाहेर यायच्या, आता मोबाइलचा उजेड घेऊन येतात. पाटीवरचा नंबर मोठ्याने वाचतात, नातीकडून मोबाइलवर बघून घेतात, आणि मगच म्हणतात, "भरा."

गेल्या दिवाळीत मी तिथे होतो. एका गाडीचे पासिंग संपलेले निघाले. गाडीवाला म्हणाला, "आजी, गोणीमागं पाच रुपये कमी घ्या, पण आजचा दिवस जाऊ द्या." वहिनींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वही मिटली आणि म्हणाल्या, "नगं बाबा. आमी एकदा दोन रुपये वाचवलेत."

माल दुसऱ्या दिवशी गेला. भाव किलोमागे थोडा कमी मिळाला. पण पोरगा संध्याकाळी घरी येऊन जेवला.